साठ जहाजं आणि वरचं एक

वेम्बली, ६ मार्च २००५

चि. सुनेत्रास,

'चिरंजीव' लिहावं, 'सौभाग्यवती' लिहावं की नुसतंच 'मॅडम', यात चहा गार झाला. शेवटी वयाचा फायदा घेतला. मी बासष्ट वर्षांचा आहे, तू माझ्या पुतण्यांच्या वयाची दिसलीस.

ओळख पटावी म्हणून आठवण देतो. बर्मिंगहॅमच्या जत्रेत (शहाणे लोक तिला ट्रेड फेअर म्हणतात) मी फ्रेमच्या पट्ट्या बघायला आलो होतो. ईलिंग रोडवर माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, पोरांच्या डिग्र्या, लग्नाचे फोटो, आणि आजोबा गेले की घाईघाईत आजोबा. तर मी मॉरिशसच्या स्टॉलवरून पुढे गेलो आणि चार पावलं मागे आलो. पडद्यामागून कोकणातल्या जाखडी नाचाची चाल ऐकू येत होती. बर्मिंगहॅममध्ये, जाखडी! वाकून बघतो तर तू आणि तुझी मैत्रीण शोभेच्या लाकडी जहाजाच्या दोऱ्या बांधत गुणगुणताय. माझी बायको आशा म्हणते की माझे कान हे कान नाहीत, शेजारीण आहे. कुठंही शिरतात.

मी म्हणालो, "काय गं, कुठली तू?" तर तू म्हणालीस, "आपण महाराष्ट्रीय आहात काय?" असं मराठी मी आकाशवाणी ऐकायचं सोडल्यापासून ऐकलेलं नाही.

तुझे पणजोबा भिवाजी रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेले आणि साहेबानं त्यांच्या नावाचंच आडनाव करून टाकलं, हे तू सांगितलंस. माझं गाव जयगडच्या खाडीवरचं. म्हणजे कुठून तरी आपण एकाच पाण्यातले. मी तुझा काका. पुरावा मागायचा नाही.

आता कामाचं. स्कारबरोला हार्गेट अँड सन म्हणून एक फर्म आहे. समुद्रकाठच्या गावांतल्या गिफ्ट शॉप्सना माल पुरवते. त्यांची जहाजांची चित्रं मी फ्रेम करून देतो. दुकानाच्या नावातला 'सन' म्हणजे तो स्वतः, वय एकोणसत्तर. त्याला तुझ्या जहाजांबद्दल बोललो. तो "हं" म्हणाला. तो सहसा तेवढंही म्हणत नाही. एक नमुना पाठव.

तुझा,
शशिकांतकाका

*

वाक्वा, मॉरिशस, २७ मार्च २००५

आदरणीय शशिकांतकाका यांस,

साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपले पत्र मिळाले व अत्यानंद झाला. ई-मेलने पाठविले तर देवनागरी अक्षरांचे चौकोन होतात, म्हणून मीही टपालानेच लिहिते. मी मराठी संध्याकाळच्या शाळेत शिकले. घरी आम्ही क्रेओल बोलतो, हिशेब फ्रेंचमध्ये करतो आणि गणपतीची आरती मराठीत म्हणतो. माझ्या भाषेस हसू नये. हसल्यास पत्रातून कळवू नये.

नमुना पाठविला आहे. आमच्या कारखान्यात अकरा स्त्रिया आहेत. त्यांतील बहुतेक जणी कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात स्वेटर शिवीत होत्या. परदेशी मालक मशिने उचलून दुसऱ्या देशात गेले. साखरेचाही भाव आता युरोप कमी करणार असे म्हणतात. आमचा देश नकाशावर सुईच्या टोकाएवढा, त्यामुळे कोणी मोठा हलला की आम्हांस धक्का बसतो. या बायकांची बोटे मात्र शिवणाची आहेत. जहाजाच्या दोऱ्या त्या अशा बांधतात की गाठ दिसत नाही. शिडाचे कापड आम्ही चहात भिजवितो, म्हणजे ते जुने, समुद्र पाहिलेले वाटते.

एक शंका विचारते. आजवर आम्ही जहाजे पर्यटकांना सुटी विकली. परक्या मुलखात सौदा हा पहिलाच. पणजोबांनी गणपती आणला, गोंधळ आणला, जाखडी आणली. परंतु ते ऊस तोडीत होते, त्यामुळे व्यापाराची रीत आमच्यापर्यंत पोहोचली नाही. खरे मराठी लोक पहिल्या सौद्यात काय करतात?

येथे सर्व कुशल आहे. घरी सर्व कुशल. कारखान्यातही सर्व कुशल.

आपली नम्र,
सुनेत्रा भिवाजी

*

वेम्बली, ८ मे २००५

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

हसलो. कळवतोय.

नमुना घेऊन मी स्वतः ट्रेननं स्कारबरोला गेलो. हार्गेटनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "नॉट बॅड." सुनेत्रा, चौतीस वर्षं मी या देशात आहे. पहिली काही वर्षं मला वाटायचं की 'नॉट बॅड' म्हणजे कामापुरतं. आता कळतं. यॉर्कशरचा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोलाही एवढंच म्हणतो.

मग त्यानं चूक काढली. तुझ्या जहाजाचा झेंडा मागे फडकतोय. मोटारीवरचा झेंडा मागे फडकतो, कारण मोटार वाऱ्याला कापत जाते. शिडाच्या जहाजाला वाराच मागून ढकलतो, तेव्हा शिडं पुढे फुगलेली असताना झेंडा मागे कसा? मी म्हणालो, "तिथलं वारं वेगळं असेल." तो हसला नाही, पण ऑर्डरचा कागद पुढे ओढला. साठ जहाजं. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीआधी दुकानांत लागली पाहिजेत, कारण त्या सुट्टीत लोक समुद्रावर येतात आणि ख्रिसमसच्या भेटी बघून ठेवतात. झेंडे फिरव.

तुझ्या शंकेचं उत्तर. आपल्याकडे गोल आकड्यावर व्यवहार थांबवत नाहीत. आहेर शंभराचा नाही, एकशे एकचा. माझा बाप जयगड बंदरावर गलबतांत मंगलोरी कौलं भरायचा. हजार कौलं मोजून झाली की वर एक ठेवायचा, कुणी न सांगता. ते वरचं एक म्हणजे 'संपलं नाही, पुन्हा भेटू'. मी अजून दहा फ्रेमा घेणाऱ्याला अकरावी छोटी देतो. गुजराती गिऱ्हाईक आता ती आधीच मोजून येतं.

आणि काय गं, 'सर्व कुशल' एका पत्रात तीनदा? कुशल असलं की माणूस एकदाच लिहितो. काय बिनसलंय?

शशीकाका

*

वाक्वा, १२ जून २००५

आदरणीय काका,

आपले कान कागदावरूनही ऐकतात हे मला ठाऊक नव्हते.

कारखान्याची शेड वडिलांची. अर्धी माझी, अर्धी माझा धाकटा भाऊ संजय याची. संजयला तेथे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या मोटारी ठेवायच्या आहेत. तो वाईट नाही. त्याचे म्हणणे असे की, "ताई, लहान देशाने मोठ्यांच्या बाजारात खेळणी विकायला जाऊ नये. ते एकदा कौतुकाने घेतात. दुसऱ्यांदा कोण घेणार?" मी म्हटले, दुसऱ्यांदाही घेतील. त्यावर तो म्हणाला, मग डिसेंबर संपेपर्यंत इंग्लंडची दुसरी ऑर्डर दाखव. नाही आली तर शेड माझी. मी हो म्हटले. अकराजणींना हे सांगितलेले नाही. त्यांना एकदा मालकाने सांगितलेले आहे, पुन्हा माझ्या तोंडून नको.

म्हणून साठ जहाजे वेळेवर जाणे आणि हार्गेट साहेबांनी पुन्हा मागणे, एवढेच मी गणपतीकडे मागते.

झेंडे फिरविले. बायका म्हणाल्या, वाऱ्याला विचारायचे राहूनच गेले.

एक चौकशी. आपल्या वडिलांनी कौले भरली ती गलबते कशी असत? शिडे किती? नाळ, म्हणजे पुढचे टोक, कशी? केवळ कुतूहल आहे. आणि आपण या सौद्यात कमिशन किती घेणार, तेही स्पष्ट लिहावे.

आपली,
सुनेत्रा

*

वेम्बली, २ जुलै २००५

चि. सुनेत्रा,

हे आधीच सांगायला हवं होतंस. असो, सांगितलंस.

संजयला सांग, लंडनच्या बाजारात सगळे लहानच येतात. मी आलो तेव्हा माझ्याकडे एक करवत होती आणि ती चालवायला उसनं टेबल. संजयचं अर्धं बरोबर आहे: पहिल्यांदा कौतुकानं घेतात. दुसऱ्यांदा घेतात ते सोय म्हणून. ती सोय आपल्याला शोधायला लागेल. अजून सापडलेली नाही, पण मी कान उघडे ठेवलेत.

मोठी गलबतं सगळ्यांना माहीत असतात. मला आवडायचा तो मचवा. एकच डोलकाठी, ती पुढे झुकलेली, म्हातारा काही ऐकू आलं नाही की झुकतो तशी. एकच तिरकं शीड, तीन कोपऱ्यांचं. नाळ लांब आणि टोकदार. बाहेरून काळा, माशाचं तेल लावून लावून. बाप कौलं भरायचा तेव्हा मी सुकाणूपाशी बसायचो. तिथं बसलं की अख्खी खाडी आपली वाटायची. खूप लिहिलं. तुझ्या कुतूहलापायी दुकान उशिरा उघडलं आज.

कमिशन घेणार नाही. पुन्हा विचारलंस तर रागावेन.

शशीकाका

*

वाक्वा, ११ सप्टेंबर २००५

आदरणीय काका,

जुलैमध्ये लंडनच्या गाड्यांत स्फोट झाले तेव्हा आपला फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. आता पुन्हा पत्रावर येते.

जहाजे गेली! आमच्या येथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, परंतु या वर्षी अकराजणी सुट्टीच्या दिवशी सकाळी आल्या. शेवटच्या पेट्या बंद केल्या, मग विसर्जनाला गेल्या. चहाचा वास अजून शेडला आहे.

आपण सांगितलेली रीत पाळली आहे. अधिक लिहीत नाही. पोहोचल्यावर आपणांस कळेलच.

संजय ट्रक भरताना उभा होता. मग एक पेटी त्याने स्वतः उचलली.

आपली,
सुनेत्रा

*

वेम्बली, ६ नोव्हेंबर २००५

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

जहाजं सुखरूप आहेत. थोडा उशीर झाला. काळजी करू नकोस. हार्गेटशी बोलणं चालू आहे. इकडे थंडी. दिवाळी झाली. सर्व कुशल.

काका

*

वेम्बली, १२ नोव्हेंबर

सुनेत्रा,

मी आशाकाकू. आपली भेट नाही, पण आता मला तुझं प्रत्येक जहाज ओळखू येतं.

हे तुला खरं सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. तुझ्या कागदांवर साठ जहाजं होती आणि पेट्या निघाल्या एकसष्ट. बंदरात कस्टमवाल्यांनी विचारलं, न लिहिलेली पेटी कसली? त्यांचं तरी काय चुकलं? सगळा माल तपासणीसाठी बाजूला ठेवला. हे फोनवर आपल्या क्लिअरिंग एजंटला समजावत होते, "इट इज फॉर गुड लक." तो म्हणाला, "सर, आर यू बीइंग फनी?" सुटेपर्यंत शाळेची सुट्टी संपली होती. हार्गेटनं दुसऱ्या कुणाचे दीपगृहाचे दिवे दुकानांत लावून टाकले आणि 'विथ रिग्रेट' असं पत्र पाठवलं. माल नको म्हणाला.

आता साठ जहाजं माझ्या घरात आहेत. सोफ्यावर आहेत, जिन्यावर आहेत, पाहुण्यांच्या खोलीत तर आरमार आहे. काल टीव्ही बघायला मी जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना सांगून ठेवलंय, या जहाजांच्या दोऱ्यांमधली धूळ मी झाडणार नाही.

यात तुझी चूक नाही. 'वरचं एक' कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. चौतीस वर्षं इम्पोर्टचा माल घेणारा माणूस, पण फुशारकी मारताना इनव्हॉइसची आठवण झाली नाही. तुला सांगायची लाज वाटते म्हणून त्यांनी 'सर्व कुशल' लिहिलं.

एकसष्टावी पेटी त्यांनी सर्वांत शेवटी उघडली. काळा मचवा बघून खाली बसले. मग उठून तो खिडकीत ठेवला, आणि त्याची धूळ मात्र ते स्वतः झाडतात.

आशाकाकू

*

वाक्वा, २५ नोव्हेंबर २००५

आदरणीय काका व काकू,

काकूंचे पत्र मिळाले. मी ते अकराजणींना वाचून दाखविले, कारण आता लपविण्यात अर्थ नव्हता. मग सर्वांत वयस्क बाई म्हणाली, "एक जास्त दिले म्हणून कोणी परत पाठविते काय?" कस्टमचा नियम मी तिला मराठीत, क्रेओलमध्ये व फ्रेंचमध्ये समजाविला, तिन्ही भाषांत तो सारखाच विचित्र वाटला.

चूक माझीच. रीत आपण सांगितली, परंतु आपल्या वडिलांचे वरचे कौल समोरासमोर दिलेले होते. मी ते पेटीत बंद करून समुद्रापार पाठविले आणि गुपित म्हणून कागदावर लिहिले नाही. ते आश्चर्य आपल्यासाठी होते. आपण कमिशन नाकारले, मग मी काय करणार?

संजयला सर्व सांगितले. वाटले होते, तो म्हणेल, "मी सांगितले नव्हते?" तो तसे म्हणाला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. जानेवारीत शेड रिकामी करून देईन.

जहाजे आपल्या दुकानात जशी जातील तशी द्यावी. मचवा मात्र कोणाला देऊ नये.

आपली,
सुनेत्रा

*

वेम्बली, १८ डिसेंबर २००५

चि. सुनेत्रा,

शेड रिकामी करू नकोस. हे आधी वाच, मग बाकीचं बसून वाच.

मी तुला 'सर्व कुशल' लिहिलं आणि तू ते ओळखलं नाहीस, याबद्दल आपण दोघंही एकमेकांना माफ करू. आता ऐक.

तुझी सहा जहाजं मी दुकानाच्या काचेत ठेवली. लोक थांबायचे, आत यायचे, हात लावायचे आणि जायचे. आठवडाभर हेच. मी करवतीवर असतो तेव्हा गिऱ्हाईकाला वाटतं, याला काही ऐकू येत नाही. एक गुजराती बाई तिच्या सुनेला म्हणाली, "सरस छे, पण धूळ कोण झाटके?" मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी एक इंग्रज जोडपं लग्नाचा फोटो घेऊन आलं. तो जहाजाच्या प्रेमात. ती हळूच म्हणाली, "लव्हली, डार्लिंग. हूज गोइंग टू डस्ट इट?" माझा हात थांबला. संध्याकाळी घरी आलो तर आशा जिन्यावर बसून म्हणतेय, "मी धूळ झाडणार नाही, आधीच सांगितलंय."

तीन बायका, तीन भाषा, एकच तक्रार! दुसऱ्यांदा का घेत नाहीत, ते मला तिथं जिन्यात कळलं. तुझं जहाज घेणारा नवरा असतो आणि नको म्हणणारी बायको. आणि ती बरोबर असते. त्या दोऱ्यांच्या जाळ्यात फडका जाणार कसा?

आता तुझा काका आयुष्यभर काय करत आलाय? काचा कापत आलाय! मी फ्रेमच्या खोल पट्ट्या घेतल्या, पाच बाजूंनी काच बसवली, खाली लाकडाची बैठक, आणि जहाज आत ठेवलं. धूळ बाहेर, जहाज आत. अशा सहा काचेच्या केसेस केल्या. पहिली त्या इंग्रज बाईनंच नेली, नवऱ्याला सरप्राइज म्हणून. बाकीच्या गेल्या त्याही बायकांनीच नेल्या. मी आणखी केल्या. सोफ्याची एक बाजू मोकळी झाली तेव्हा आशानं मला दोनदा चहा दिला.

मग हार्गेटला फोन लावला. म्हणालो, "माल विकायचा नाहीये. चहाला या." तो लंडनला येतच नाही, लंडनवर त्याचा राग आहे. पण मी फोनवर ऐकत होतो, आणि त्याच्या मागे कुणीतरी बाई विचारत होती, "इज दॅट द चॅप विथ द शिप्स?" म्हणजे तिथं जहाजांचं नाव निघत होतं. म्हणालो, "मिसेस हार्गेटना घेऊन या."

ते आले. भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर चिडून आले. तो पाहुण्यांच्या खोलीत उभा राहिला, चारी बाजूंना जहाजं, आणि चष्मा पुसत बसला. मिसेस हार्गेट काचेच्या केसपाशी गेल्या. एक बोट काचेवरून फिरवलं. बोटाकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. सुनेत्रा, सौदा तेव्हा झाला, पुढचं सगळं नुसतं बोलणं होतं.

चिवडा खाता खाता त्यानं विचारलं, "पण मला एक सांगा. ते एकसष्टावं तिनं का पाठवलं? दरवेळी करणार असेल तर मला परवडणार नाही." मी कौलांची गोष्ट सांगितली. बापाची, बंदराची. इंग्रजीत ती फारच छोटी झाली. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला. आशानं माझ्याकडे बघितलं, की झालं, बुडालो. मग मिसेस हार्गेट म्हणाल्या, "टेल हिम अबाउट युअर ग्रँडडॅड." त्याचे आजोबा व्हिटबीला पाव भाजायचे. डझन मागितले की तेरा द्यायचे. तेरावा कुणी लिहीत नसे, पण एखाद्यानं दिला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भट्टीत. हार्गेट म्हणाला, "पाव दारात द्यायचा असतो, तेव्हा ते चालतं. बोटीनं पाठवताना नाही." अगदी तुझंच वाक्य! तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी काढून आशाला वाचायला दिलं. तिनं नुसतं "हं" केलं, यॉर्कशरसारखं.

तर ऑर्डर. जहाजं तुझी, केसेस इथे माझ्या दुकानात होतील. ईस्टरपर्यंत निम्मी, उरलेली उन्हाळ्याच्या आत. घरातल्या जहाजांपैकी जी उरलीत ती सगळी तो आत्ताच घेतोय. आकडा म्हणाला एकशे वीस. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं पेन थांबवलं. मिसेस हार्गेट हसायला लागल्या. शेवटी तो म्हणाला, "ऑल राइट. वन हंड्रेड अँड ट्वेंटी-वन. पण कागदावर. मला त्या कस्टमच्या लोकांशी पुन्हा बोलायचं नाही."

कागद सोबत जोडला आहे. संजयला दाखव. डिसेंबर अजून संपलेला नाही. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून कालच फॅक्सनंही पाठवलाय, पण कागद हातात धरायची मजा वेगळी.

जाताना हार्गेटनं मचवा पाहिला. बराच वेळ पाहिला. झेंडा बघितला, शीड बघितलं, सगळं बरोबर. म्हणाला, "नॉट फॉर सेल, आय सपोज." मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "व्हेरी गुड." सुनेत्रा, नॉट बॅड नाही. व्हेरी गुड. हे तुझ्या अकराजणींना सांग.

तुझा,
शशीकाका

*

वाक्वा, १५ जानेवारी २००६

प्रिय शशीकाका,

'आदरणीय' खोडून 'प्रिय' लिहिले आहे. शाळेत असे चालले नसते.

फॅक्स आला तेव्हा मी संजयला दाखविला नाही. शेडच्या दारावर चिकटवून ठेवला. तो आला, उभा राहून वाचला, मग आत येऊन म्हणाला, "या दाराची कडी मोडली आहे. इतका माल आत ठेवायचा तर कडी नवी हवी." दुसऱ्या दिवशी स्वतः बसवून गेला. मोटारींसाठी त्याने जेट्टीजवळ दुसरी जागा पाहिली आहे. मला वाटते, ती त्याने आधीच पाहून ठेवली असावी, परंतु विचारले नाही.

बायकांना 'व्हेरी गुड'ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी जाखडी नुसती गुणगुणली नाही. त्या चक्क नाचल्या.

आणखी चार हात हवेत म्हणून कपड्यांच्या त्याच कारखान्यातल्या दोघींना बोलाविले आहे. चहाचे मोठे पातेले घेतले.

आता एक अडचण. कागदावर एकशे एकवीस आहे. परंतु जे कागदावर आले ते वरचे राहिले कोठे? ते तर ऑर्डरमध्येच गेले. सर्वांत वयस्क बाईचे म्हणणे असे की, रीतीप्रमाणे एकशे बावीस पाठविणे योग्य होईल. बाकीच्यांचेही तेच मत आहे. आपला निर्णय त्वरित कळवावा, कारण लाकूड कापायला घेतले आहे.

तुमची,
सुनेत्रा

*

वेम्बली, २३ जानेवारी २००६

सुनेत्रा,

पोस्टकार्ड मुद्दाम पाठवतोय, पाकीट उघडण्यात वेळ जायला नको. फोनही केला होता, पण शेडमध्ये कुणी उचलत नाही. नाचताय वाटतं.

नको! एकशे बावीस नको! त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या हातातली करवत काढून घे.

वरचं एक द्यायचंच असेल तर ईस्टरच्या मालाबरोबर तू ये. विमानाच्या कागदावर तुझं नाव लिहिलेलं असतं, कुणी अडवणार नाही. मचवा खिडकीत आहे, नाळ रस्त्याकडे. आशानं सोफा पुसून ठेवलाय आणि त्यावर कुणालाही बसू देत नाही.

काका